तौनोची दाढ आणि शून्य रांग

लेह्माकोस्की गावात तीन हजार माणसं आणि दातांच्या एक डॉक्टर होत्या. गेल्या ऑक्टोबरात त्या निवृत्त झाल्या, आणि तीन हजार माणसं उरली.

जागेची जाहिरात चार वेळा निघाली. एकच अर्ज आला. तो गुरांच्या डॉक्टरांचा होता, आणि तोही चुकून. तेव्हा आरोग्य विभागाने ठराव केला, की नागरिकांची उपचारांवर विसंबून राहण्याची सवय सोडवण्यात येत असून, यापुढे तोंडाचं आरोग्य ज्याचं त्याच्या हाती सोपवण्यात येत आहे. हे अक्षरशः खरं होतं. दुसऱ्याच आठवड्यात प्रत्येकाच्या टपालपेटीत झायलिटॉलच्या पुदिना-गोळ्यांची पिशवी येऊन पडली.

गोळ्यांचं आम्हाला नवल नाही. बालवाडीत जेवण झालं की ताई प्रत्येकाच्या तळहातावर एक गोळी ठेवतात, ती चोखतच आम्ही सगळे मोठे झालो. साखरेसारखी गोड, पण दात किडवणाऱ्या जंतूंचं तिच्यावर पोट भरत नाही. चांगली गोळी आहे. पडलेलं भोक आपण बुजवू, असा दावा तिने बिचारीने कधी केला नव्हता. तो विभागाने तिच्या वतीने केला.

तौनो सार्किनेन गावातले रस्ते साफ करतो. हिवाळाभर बर्फ सारणारी गाडी चालवतो, पहाटे चारला निघतो आणि कोणाशी बोलत नाही. वय एकसष्ट. डिसेंबरात त्याची डावीकडची खालची दाढ ठणकायला लागली. त्याने विभागाला फोन केला. यंत्राने सांगितलं, तुमचा फोन आम्हाला मोलाचा वाटतो, आम्हीच तुम्हाला फोन करू. चौथ्या दिवशी मार्केटा हाउटालाचा फोन आला. या बाई विभागाच्या मौखिक आरोग्य समन्वयक. आवाज इतका गोड, की त्यानेच दात किडावेत.

“दुखणं किती आहे? एक ते दहामध्ये सांगा.”

“सात,” तौनो म्हणाला.

त्याची बायको रायली शेजारीच होती. ती हातातलं काम टाकून त्याच्याकडे बघत राहिली. गाडीच्या पात्यात बोट सापडलं होतं, तेव्हा त्याने तीन सांगितलं होतं.

“जेवणानंतर गोळी घेता?”

“कधीमधी.”

पलीकडून टाइप केल्याचा आवाज आला. “मग तुम्ही स्वयंकाळजी मार्गावर जाता. सहा आठवडे न चुकता गोळी, आणि रोजची नोंदवही. त्यानंतरही दुखलं, तर बाहेरच्या डॉक्टरांकडे तुमचं नाव पाठवता येईल.”

“दाढेला भोक आहे. जीभ जाते आत.”

“भोक आहे की नाही, ते डॉक्टर ठरवतात.”

“मग डॉक्टरला दाखवतो.”

“त्यासाठीच तर मार्ग आहे,” मार्केटा समजावणीच्या सुरात म्हणाली.

खासगी डॉक्टर दीडशे किलोमीटरवर होता आणि एप्रिलपर्यंत भरलेला होता. तौनोने नोंदवही आणली.

तिच्या पहिल्या पानावर नियम होता, की काहीही खाल्लं-प्यायलं की तोंडात आम्लहल्ला होतो, आणि प्रत्येक हल्ल्यानंतर दोन गोळ्या घ्यायच्या. नियम लिहिणाऱ्याने आमची कॉफी मोजली नव्हती. तौनो दिवसाला नऊ कप घेतो, गाडीत थर्मासच असतो. शिवाय चार वेळचं खाणं. म्हणजे तेरा हल्ले आणि सव्वीस गोळ्या. दुसरा कोणी असता तर त्याने लिहिल्या सव्वीस आणि खाल्ल्या सहा असं केलं असतं. पण तौनो सरळ माणूस. सरळ माणसं डोळ्यांसमोर ठेवून कोणी नियम करत नाही.

तिसऱ्या दिवशी त्याचं पोट बोलू लागलं. पाचव्या दिवशी, उणे चोवीस अंशांत, त्याने शाळेच्या रस्त्यावर गाडी मधोमध उभी केली आणि धावत वाचनालयात शिरला. वाचनालय मी सांभाळतो. तौनोला मी आयुष्यात पहिल्यांदाच धावताना पाहिलं. पुस्तकांकडे न बघता तो थेट शौचालयात गेला आणि चाळीस मिनिटं तिथे राहिला. बाहेर त्याच्या गाडीमागे शाळेची बस अडकून पडली होती.

पोटाची रांग वेगळी असते. पोटाच्या डॉक्टरांची वेळ दुसऱ्याच दिवशी मिळाली. त्यांनी पोट दाबून पाहिलं, नोंदवही वाचली आणि म्हणाल्या, “या गोळ्या आधी बंद करा.”

तौनोने तोंड उघडून बोट दाखवलं. “हेही बघता का जरा?”

“मी घशापासून खाली,” डॉक्टर म्हणाल्या. त्यांना खरंच वाईट वाटत होतं, पण ते घशाच्या खालीच.

त्याने गोळ्या थांबवल्या आणि तसं मार्केटाला कळवलं.

“अरेरे,” ती म्हणाली. “म्हणजे खंड पडला. आता मार्ग पहिल्यापासून.”

“डॉक्टरनेच थांबवायला सांगितलं.”

“कुठल्या?”

“पोटाच्या.”

“त्यांच्या चिठ्ठीत दाताचा उल्लेख आहे?”

“नाही.”

“मग ती चिठ्ठी आमच्याकडे येत नाही हो. तुम्ही असं करा ना, हल्लेच कमी करा. हल्ले कमी, तर गोळ्या कमी.”

हे तौनोला पटलं. त्याने कॉफी सोडली. मग नाश्ता सोडला. रायली राय नावाच्या धान्याची काळी भाकरी आणि माशाचं सूप पुढे ठेवायची, तो दोन घास खाऊन ताट सरकवायचा. तसंही डावीकडून चावता येत नव्हतं. नोंदवही मात्र देखणी होत गेली. रोज दोन हल्ले आणि चार गोळ्या, अक्षर मोत्यासारखं.

“तू दाढेसाठी करतोयस की वहीसाठी?” रायलीने विचारलं.

“अजून तीन आठवडे,” तो म्हणाला.

पाचव्या आठवड्यात त्याचा डावा गाल सुजून डोळा अर्धा झाकला गेला. अंगात ताप भरला, गिळता येईना. रायलीने विभागाला फोन केला. यंत्राने तिचा फोन मोलाचा असल्याचं सांगितलं. तिने रिसीव्हर ठेवला, नवऱ्याला गाडीत घातलं आणि बर्फातून दीडशे किलोमीटर गाडी हाकत मोठ्या इस्पितळात नेलं. रस्ता साफ नव्हता. साफ करणारा मागच्या सीटवर आडवा होता.

पू जबड्याच्या हाडापर्यंत पोचला होता आणि मानेकडे उतरायला लागला होता. सर्जन रायलीला म्हणाले, एक दिवस उशीर झाला असता तर मी तुमच्याशी वेगळ्या खोलीत बोलत असतो. त्यांनी ती दाढ काढली, शेजारच्या दोन काढल्या, आणि मानेत नळी घातली.

“इतके दिवस काय करत होता यांचा नवरोबा?” त्यांनी परिचारिकेला विचारलं. रायलीने ते ऐकलं आणि वही पुढे केली. सर्जननी ती पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली. मग चष्मा काढून पुसला.

तौनो घरी आला, त्याच्या दुसऱ्या दिवशी मार्केटाचा फोन. सहा आठवडे पूर्ण झाले होते.

“दुखणं किती आहे आता?”

“शून्य. पण दाढाच काढल्या. तीन.”

“शून्य,” मार्केटाने टाइप केलं. “बाकीचं लिहायला इथे रकाना नाहीये. पण तुमचं अभिनंदन.”

फेब्रुवारीत जाहीर झालं, की लेह्माकोस्कीत दातांच्या उपचारासाठी थांबलेला एकही रुग्ण नाही. ते खरंच होतं. रांग होतीच कुठे, सगळे मार्गावर होते. विभागाला जिल्ह्याचा पुरस्कार मिळाला. शाळेच्या सभागृहात समारंभ झाला, कॉफी आणि वेलदोड्याचे पाव होते, आणि मार्ग पूर्ण केलेला एकमेव नागरिक म्हणून तौनोला मंचावर बोलावलं. कॉलरच्या वर मानेवरची पट्टी दिसत होती. मार्केटाने त्याच्यापुढे माइक धरला.

“खरं तेच बोल,” रायलीने त्याला निघताना सांगितलं होतं.

“गोळ्यांनी काही झालं नाही,” तौनो म्हणाला. “इस्पितळात कापलं. मरता मरता वाचलो. गावाला डॉक्टर पाहिजे.”

इतकं लांब भाषण त्याने लग्नातही केलं नव्हतं. कोणी तरी पाव खाली ठेवला.

“तौनोच्याच शब्दांत,” मार्केटा हसून म्हणाली, “वाचलो.” आणि तिने टाळ्या वाजवायला सुरुवात केली. मग आम्हीही वाजवल्या. बाई एकट्याच वाजवत राहिल्या असत्या तर बरं दिसलं नसतं.

दारापाशी अभिप्रायाचं यंत्र ठेवलं होतं. चार चेहरे, गडद हिरव्यापासून लालपर्यंत. रायलीने लाल दाबला. तेव्हा पडदा उजळला आणि त्याने कारण विचारलं. ती एका बोटाने एकेक अक्षर शोधत कारण लिहू लागली. दार उघडं होतं, पायांवर बर्फाळ वारा येत होता आणि मागे साठ माणसं कोट घालून उभी होती. कोणी खाकरलं. “रायली, आटप ना जरा,” कोणी तरी म्हणालं. ते मीच म्हणालो होतो.

ती बाजूला झाली, तेव्हा तिचं वाक्य अर्धंच राहिलं होतं.

मी हिरवा दाबला. माझ्या मागच्याने हिरवा दाबला, त्याच्या मागच्यानेही. हिरव्याला कारण विचारत नाहीत, अर्ध्या सेकंदात माणूस मोकळा होतो. हे तुम्हाला मी काय सांगायचं? तुमचंही बोट त्याच्यावर चांगलं सरावलेलं आहे.