‘विचारलंत का?’ या विषयावर झालेला ठराव

मंगळवारी सकाळी सात वाजून बेचाळीस मिनिटांनी पाथर्डी फाट्याजवळच्या ‘सुखनिवास’ सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज आला. ‘तुम्ही मला एकदा तरी विचारलंत का?’

हा मेसेज बी विंगमधल्या उज्वला पगारे हिने नवऱ्याला, सोमनाथला, पाठवला होता. शाळेत शिकवायला निघण्याच्या घाईत बोट चुकलं आणि तो चौसष्ट घरांत पोचला. तीन मिनिटांत तिने तो पुसला. पण तोवर अध्यक्ष झुंबरराव बोरस्ते यांनी स्क्रीनशॉट काढून, त्यावर ‘पुरावा क्र. १’ असं लिहून तो पुन्हा ग्रुपवर टाकला होता. झुंबरराव छत्तीस वर्षं सरकारी कचेरीत होते. कागद हरवू द्यायचा नाही, हे त्यांचं तत्त्व होतं. माणसांविषयी त्यांचं असं काही तत्त्व नव्हतं.

दुपारपर्यंत सोसायटीत दोन पक्ष पडले. सोमनाथने परस्पर गाडी विकली असावी, असं ए विंगचं म्हणणं होतं. तो निफाडला आईकडे राहायला जायचं ठरवून मोकळा झाला, ही बी विंगची खात्री होती. उज्वलाला धीर देणारे सतरा मेसेज आले. ‘तू एकटी नाहीस’ असं प्रत्येकीने कळवलं आणि प्रत्येकीने स्वतःच्या नवऱ्याविषयी पुढे पाच ओळी लिहिल्या.

लोकशाही मार्ग म्हणून झुंबररावांनी ग्रुपवर मतदान लावलं. पर्याय तीन होते: विचारायला हवं होतं, विचारण्याची गरज नव्हती, लिफ्ट कधी सुरू होणार. तिसऱ्या पर्यायाला प्रचंड बहुमत मिळाल्यामुळे तो विषयबाह्य ठरवून रद्द करण्यात आला. उरलेल्यांत ‘गरज नव्हती’ एका मताने पुढे होतं.

सोमनाथ अंबडच्या एका कारखान्यात सुपरवायझर होता. मेसेज वाचून सकाळी त्याला खरोखर वाईट वाटलं होतं. घरी गेल्यावर तिला काय झालं ते विचारायचं, असं त्याने ठरवलंही होतं. पण दुपारच्या चहाला त्याने आपली आघाडी पाहिली आणि त्याचा विचार बदलला. जिंकत असलेल्या माणसाने चौकशी का करावी? उज्वलाने विरोधातली मतं कुणाकुणाची आहेत ते पाहून ठेवलं आणि तीही गप्प राहिली.

संध्याकाळी त्याने तिला चहा घेणार का, एवढंच विचारलं. दार उघडं होतं. झुंबरराव आत आले आणि त्यांनी दोघांना समज दिली. संवाद पुनर्स्थापना उपसमिती स्थापन झाली असून प्रकरण तिच्यापुढे आहे. अशा वेळी पक्षकारांनी परस्पर बोलणं हा समितीचा अवमान होतो. जे काही सांगायचं ते लेखी द्यावं, तीन प्रतींत. सुनावणी गुरुवारी अकराला, गच्चीवर.

बुधवारी अमित आला. तो मोबाइलवर बातम्यांचं चॅनेल चालवायचा. त्याने सोसायटीच्या फाटकासमोर उभं राहून ‘न विचारता पतीने केलं तरी काय?’ असा सवाल सात वेळा केला आणि उत्तराची वाट न पाहता थेट चर्चा सुरू केली. पडद्यावर चार चौकटी आल्या. एका वक्त्याने कुटुंबव्यवस्थेचा ऱ्हास जाहीर केला, दुसऱ्याने तिचा जुलूम उघड केला. तिसरे झुंबरराव होते. चौथ्याचा आवाज येत नव्हता, त्यामुळे तो सर्वांत समतोल वाटला.

आपल्यावरची चर्चा नवरा-बायकोने एकाच घरात बसून पाहिली, ती हॉलमध्ये आणि तो बेडरूममध्ये. तिच्या मोबाइलवर जे वाक्य संपायचं, ते चार सेकंदांनी त्याच्या मोबाइलवर सुरू व्हायचं. चहाचं विचारल्यानंतर त्यांचा एकमेकांशी आलेला संबंध एवढाच.

तेवढ्यात निफाडहून त्याच्या आईचा, सुलाबाईंचा, फोन आला. शेजारणीने त्यांना मोबाइलवर सगळं दाखवलं होतं. सोमनाथ मतांची आकडेवारी सांगू लागला. त्यांनी ती ऐकून घेतली नाही.

“आरं, तिला काय इचारायचं व्हतं, ते तिला इचारलं का कोनी?”

सोमनाथने फोन ठेवला. मग हॉलमध्ये गेला.

“उज्वला, मी काय विचारायला हवं होतं?”

तिने पर्समधून लिफाफा काढून त्याच्यापुढे ठेवला. गेल्या आठवड्यात गळ्याच्या गाठीच्या तपासणीसाठी त्यानेच तिला दवाखान्याच्या दारात सोडलं होतं. रिपोर्ट शनिवारी आला होता. शनिवारी कारखान्यात माल पाठवायची गडबड होती, रविवारी मॅच होती, सोमवारी तो विसरला होता.

“काय आलंय?” त्याने लिफाफा उचलला.

“साधी गाठ आहे. पण काढावी लागेल. उद्या दहाला बोलावलंय.”

“घाबरली होतीस?”

“रिपोर्ट उघडेपर्यंत. मग तुम्ही कधी विचारताय याची वाट बघत बसले, तेव्हा जास्त.”

तो खाली बसला. त्याने रिपोर्ट दोनदा वाचला, त्याला त्यातलं काही कळलं नाही, आणि तिने त्याला एकेक शब्द समजावून सांगितला. अमितच्या चॅनेलवर तेव्हा जनतेचे फोन घेतले जात होते.

गुरुवारी दोघं रिक्षाने दवाखान्यात गेली. सुनावणीला पक्षकार गैरहजर राहिल्याने उपसमितीने एकतर्फी निकाल दिला. पगारे दांपत्याने सात दिवसांत संवाद सुरू करून तसा अहवाल सादर करावा. कसूर झाल्यास प्रकरण सर्वसाधारण सभेपुढे जाईल. ठराव टाळ्यांच्या गजरात मंजूर झाला. लिफ्ट बंद असल्याने सगळे चालत खाली उतरले.

अमितच्या व्हिडिओखाली आजवर दोन हजारांवर प्रतिक्रिया आहेत. निम्म्या सोमनाथच्या बाजूच्या, निम्म्या उज्वलाच्या. त्यात ‘काय विचारायचं होतं?’ अशी एकही नाही.

वाचकांपैकी ज्यांनी लिफाफा उघडण्याआधीच बाजू घेतली होती, त्यांनी आपलं नाव ग्रुपवर कळवावं. कारण देण्याची आवश्यकता नाही. उपसमितीत दोन जागा रिकाम्या आहेत.