नऊ टक्के

"पंखा बंद," असं म्हणत मीटरवाल्यांनी स्वतःच उठून पंखा बंद केला.

मीटरवाले हे काही त्यांचं नाव नव्हे. तीस वर्षं दारोदार फिरून लोकांच्या विजेचे मीटर वाचले, तेव्हा हे बिरूद चिकटलं आणि निवृत्तीनंतरही सुटलं नाही. बायको आणि सासूबाईंना घेऊन ते रानात, भाड्याच्या चाकांवरच्या घरात राहायला आले होते. मालकाने ते घर गाडीमागून ओढत आणलं, गर्द सावलीत उभं केलं आणि "परवा येतो" म्हणून गाडी घेऊन निघून गेला. जवळपास विजेची तार नव्हती. सगळी भिस्त एका बॅटरीवर.

एरवी त्याने काही बिघडलं नसतं. पण बायको परिचारिका होती आणि मुख्य परिचारिकेच्या जागेची बारा वर्षं वाट पाहत होती. त्या जागेची मुलाखत नेमकी उद्या सकाळी अकराला, व्हिडिओवर. तिचा लॅपटॉप इतका जुना, की वायर काढली की मान टाकायचा.

"तू निर्धास्त राहा. विजेचं माझ्यावर सोड," मीटरवाले म्हणाले. हे ऐकून ती खरी धास्तावली.

पंख्यामागोमाग दिवे गेले. मग फ्रिज गेला, म्हणून दोन दिवसांची अंडी एकाच बैठकीत संपवावी लागली. मग पाण्याचा पंप. ओढ्यावरून बादल्या आणताना मीटरवाल्यांची कंबर दुसऱ्याच खेपेला धरली. बॅटरीचा आकडा दाखवणारी काच होती नखाएवढी, म्हणून त्यांनी तो आकडा फोनवरून भिंतीवरच्या टीव्हीवर घेतला.

"सगळ्यांच्या डोळ्यांसमोर राहिला की आपोआप काटकसर होते," ते म्हणाले आणि समाधानाने आडवे झाले.

सकाळी टीव्हीवर आकडा होता नऊ.

"कोणीतरी चोरून वीज वापरलीय," मीटरवाले म्हणाले. त्यांची नजर सासूबाईंच्या मांडीवरच्या स्वेटरकडे गेली. "आई, काल याला बाह्या नव्हत्या. अंधारात कशा विणल्यात?"

"अंधार कुठे होता, जावईबापू? तुमचा टीव्ही पहाटेपर्यंत लख्ख चालू होता. छान उजेड पडतो त्याचा."

मीटरवाल्यांनी आधी टीव्हीकडे पाहिलं, मग जमिनीकडे. तीस वर्षांत मीटरने कधी कोणाची वीज खाल्ली नव्हती.

बायकोने टीव्ही बंद केला. तिला रडू येत होतं, पण तिने ते पुढे ढकलून मालकाने दिलेलं सोलर पॅनल बाहेर काढलं. वायर तोकडी. वायर पोचेल तेवढ्या जागेत झाडांमधून चटईएवढं ऊन पडलं होतं, आणि तेही सरकत होतं.

"कोणीतरी हे धरून उभं राहायला हवं," ती म्हणाली.

"माझी कंबर..."

"डोक्यावर धरा."

अकराला मुलाखत सुरू झाली. औषधं, पाळ्या, तातडीचे रुग्ण, सगळ्यांची उत्तरं तिने न अडखळता दिली. शेवटी अध्यक्षबाईंनी विचारलं, "साधनं अपुरी आणि हाताशी एकच माणूस, तोही फारसा उपयोगाचा नाही. अशा वेळी वॉर्ड कसा चालवाल?"

तिने लॅपटॉप खिडकीकडे वळवला. बाहेर मीटरवाले डोक्यावर पॅनल आणि एक हात कमरेवर अशा थाटात उन्हामागे तसूतसूने सरकत होते.



"हे किती वेळ असे उभे आहेत?" अध्यक्षबाईंनी विचारलं.

"पाऊण तास, मॅडम. काल बटणं यांच्याकडे होती. ती मी काढून घेतली आणि यांना जमेल ते काम दिलं."

अध्यक्षबाईंनी चष्मा काढून पुसला. "पुढच्या सोमवारी रुजू होता येईल?"

बायकोने लॅपटॉप मिटला आणि आईला मिठी मारली. मग दोघी पाय पसरून आरामात चहा प्यायल्या. मीटरवाल्यांना तिने ही बातमी अर्ध्या तासाने सांगितली. बाहेर ऊन अजून चांगलं होतं.