ऊन हात, गार हात

आमचे शेजारी गोपाळमामा माणसाचं नाव-गाव विचारायच्या आधी त्याचा हात धरायचे. डोळे मिटायचे आणि निकाल द्यायचे. "ऊन आहे. माया आहे!" नाहीतर, "गार. ह्याच्यापासून जपून." तंजावरात राजवाड्यामागच्या आमच्या गल्लीत या निकालावर अपील नव्हतं.

भर उन्हात फिरणारा पोस्टमन त्यांच्या मते देवमाणूस. बर्फवाल्याला मात्र त्यांनी जन्मात चांगलं म्हटलं नाही. मी लबाड नंबर एक. पण आमची पहिली भेट झाली तेव्हा मला सणकून ताप होता. "अय्यो, काय मायेचा पोरगा!" म्हणाले, आणि पुढे दहा वर्षं मी त्यांच्या घरची कॉफी ढोसली. तापाचं कधी बोललो नाही.

मामी लवकर गेलेल्या. घरात मामा आणि मुलगी कावेरी, दोघंच. तिला बघायला ओरत्तनाडूचे एक मास्तर यायचे ठरले. तिने त्यांना देवळातल्या उत्सवात पाहिलं होतं आणि ते तिला मनापासून आवडले होते. सकाळीच तिने मला परसात गाठलं.

"अप्पा हाताचं काढतील रे. तुझं ऐकतात ते. तेवढं सांभाळून घे."

"सोड माझ्यावर," मी ऐटीत म्हटलं.

मास्तर दुपारच्या बसने आले. आमच्यात बाहेरून आलेल्याने हातपाय धुतल्याशिवाय आत पाऊल टाकायचं नाही. पाणी मीच घातलं, रांजणातलं, चांगलं थंडगार. मास्तर आत आले. मामांनी हात धरला, डोळे मिटले आणि माझ्या कानाशी लागले.

"गार! सरि, ठीक आहे, ह्याला कॉफी पाज आणि बसवर सोडून ये."

"मामा, आत्ताच धुतलेत हात," एवढंच मला म्हणायचं होतं. पण मला हसू फुटत होतं. गल्लीभर सांगायला काय किस्सा मिळाला, या खुशीत मी गप्प बसलो. म्हटलं, संध्याकाळी सांगू. संध्याकाळपर्यंत नकाराचा निरोप गेलासुद्धा. मग सांगायची लाज वाटायला लागली, आणि अशी लाज दिवसागणिक वाढतेच हो. मास्तरांचं लग्न दुसरीकडे झालं. कावेरीचं कुठे जमलंच नाही. तिने मला एका शब्दाने विचारलं नाही. त्यापेक्षा थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं.

सात-आठ वर्षांनी एका सकाळी मामांच्या घरापुढच्या तिण्णैवर, म्हणजे ओट्यावर, आम्ही दोघं बसलो होतो. मला राहवेना. रांजणापासून हसण्यापर्यंत सगळं ओकलो. माझे डोळे वाहायला लागले. "जोड्याने मारा मला, मामा."

मामांनी खांद्यावरचा पंचा माझ्यापुढे केला.

"तू कशाला रडतोस?" ते म्हणाले. "त्याची ओली पावलं फरशीवर उमटली होती. मी काय आंधळा होतो?"

"मग?"

"चांगला होता रे मुलगा. नेलीच असती त्याने तिला." त्यांनी दाराकडे पाहिलं. "ती गेल्यावर या घरात मी बोलू कुणाशी, एवढंच मनात आलं. तिला सांगू नकोस."

तेवढ्यात कावेरी पदराला हात पुसत दारात आली. "काय चाललंय एवढं दोघांचं?"

"काही नाही," आम्ही दोघंही एकदमच म्हणालो.