तिरपे पगारे काका

पगारे काका रस्त्यानं सरळ चालत नाहीत. तिरपे चालतात. उजवा खांदा पुढे, मान डावीकडे वळलेली आणि पावलं खेकड्यासारखी. देवळाली कॅम्पच्या बाजारात नवा माणूस त्यांना बघून बाजूला होतो, जुना फक्त आपली पिशवी सावरतो. मी एकदा भीतभीतच कारण विचारलं. म्हणाले, "बॅकनं कोणासमोर सरळ उभं राहायचं नसतं. पायांतून बॉल काढतात."

काका मैदानात उतरत होते त्याला खूप वर्षं झाली. तरुणपणी ते कॅम्पातल्या एका फुटबॉल टीममध्ये बॅक होते, म्हणजे समोरच्यांना गोलपर्यंत येऊ न देणाऱ्यांपैकी. मग सिन्नरच्या कारखान्यात फिटर झाले, रिटायर झाले आणि आता आमच्या कॉलनीच्या टीमचे मॅनेजर आहेत. कोच म्हटलेलं त्यांना चालत नाही. कोच खेळ शिकवतो, आपण माणसं सांभाळतो, असं त्यांचं म्हणणं.

सवय मात्र गेली नाही. मुलीला बघायला पाहुणे आले तेव्हाही ते सोफ्यावर तिरपेच बसले होते. पाहुण्यांना वाटलं, मानेत उसण भरली आहे. मुलाच्या आईनं निघताना एका तेलाचं नाव सांगितलं. लग्न जमलं, आणि विहीणबाईंचा शब्द म्हणून काका अजून रोज ते तेल लावतात.

आमच्या टीमला ते एकच गोष्ट शिकवतात. "माणूस सोडायचा नाही." प्रत्येकाला समोरचा एक माणूस वाटून दिलेला असतो. एकदा माझ्या वाट्याचा खेळाडू पाणी प्यायला मैदानाबाहेर गेला, तर मीही त्याच्या मागोमाग गेलो. सगळे हसले. काकांनी टाळ्या वाजवल्या.

अशानं आमच्या मॅच शून्य-शून्य सुटतात. पुढे खेळणाऱ्या डॅनीला याचा फार त्रास होतो. त्यानं एकदा हात जोडून विचारलं होतं, "काका, निदान एकदा तरी तिकडं जाऊन येऊ का?"

"तिकडं काय आहे? आपला गोल इकडं आहे," काका म्हणाले. शून्य-शून्य म्हणजे आपल्या घरात कोणी शिरलं नाही आणि आपण कोणाच्या घरात शिरलो नाही. त्यांच्या मते सभ्य माणसाचा स्कोअर तोच.

तर असे सभ्यपणे, प्रत्येक वेळी टायब्रेकरवर, आम्ही यंदा फायनलला पोचलो. फायनल शनिवारी सकाळी होती. त्याच वेळी नाशिकरोडला कॉलेजात माझा अर्थशास्त्राचा पेपर होता. मी पेपर सोडायचं ठरवलं. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. पेपर पुढे गेला असं सांगितलं असतं तर आईवडिलांनी विश्वास ठेवला असता. हे लिहिताना बरं वाटत नाही, पण तसं ठरवलं होतं. काकांना मात्र मोठ्या अभिमानानं खरं सांगितलं.

शुक्रवारी संध्याकाळी त्यांनी टीम वाचली. त्यात माझं नाव नव्हतं. का, असं विचारल्यावर म्हणाले, "तुझा डावा पाय हल्ली ढिला पडतो." मी घरी येऊन कितीतरी वेळ डाव्या पायाकडे बघत बसलो.

तरी शनिवारी सकाळी पिशवीत पुस्तकांखाली खेळायचे बूट ठेवूनच निघालो. कोणीतरी आलं नाही तर शेवटी मलाच घेतील, अशी आशा होती. मैदानाकडे वळणार तोच बस स्टॉपवर काका दिसले. तिरपे, रस्ता अडवून.

"चल," एवढंच म्हणाले आणि माझ्याबरोबर बसमध्ये चढले. कॉलेजच्या गेटपर्यंत आले. मी म्हटलं, "काका, तिकडं फायनल आहे. मॅनेजर नको?"

"तिथं अकरा जण आहेत. इथं तू एकटा सुटलायस."

मी आत गेलो.

पेपर देऊन बाहेर आलो तेव्हा काका तिथंच होते. वॉचमननं खुर्ची दिली होती, तिच्यावर तिरपे बसले होते. त्यांनी आधी पेपरचं विचारलं. बरा गेला म्हटल्यावर खिशातून फोन काढला.

"डॅनीचा फोन होता. जिंकलो. तीन मारले." मग जरा थांबून म्हणाले, "एक खाल्ला." वाईट त्या एकाचंच वाटत होतं. टायब्रेकर सोडला तर इतक्या दिवसांत आमच्या टीमनं मारलेले हे पहिलेच गोल, आणि तेही काका जागेवर नव्हते म्हणून, हे मी बोललो नाही. त्यांनाही ते कळलं असावं.

मला राहवलं नाही. विचारलं, "पाय खरंच ढिला पडतो का हो?"

"पाय चांगला आहे तुझा," ते म्हणाले. मग रस्त्याकडे बघत राहिले. "माझा पण होता एक पेपर. बारावीचा, भूगोलाचा. त्या दिवशी फायनल होती."

"मग?"

"खेळलो. परत काय बसलो नाही परीक्षेला."

"जिंकलात?"

"शून्य-शून्य," काका म्हणाले.

आम्ही स्टॉपकडे निघालो. त्यांनी मला धरून आपल्या डाव्या हाताला घेतलं. चालताना सारखं वाटत होतं, कोणीतरी आपल्याकडे बघतंय. वर पाहिलं तर काका नेहमीसारखे तिरपे चालत होते, मान डावीकडे वळवून.