ट्रान्सितोबाईंचा पेला

"या घरात ओढ्याचं पाणी जिवंत माणसाच्या पोटात जाणार नाही, आणि मेलेल्याच्याही नाही!"

कासिमिरोनं आईच्या शवपेटीशेजारी उभं राहून हे जाहीर केलं, तेव्हा रडणाऱ्या बायका क्षणभर रडायच्या थांबल्या.

शहरातून आलेल्या आरोग्यवाल्या बाईंनी गावाला मातीच्या कुंडीचे फिल्टर वाटले होते आणि कासिमिरोला त्यांचा प्रमुख नेमलं होतं. तेव्हापासून तो पाण्याबद्दल बिशपच्या आवाजात बोले. कुंडीतून पाणी इतकं सावकाश ठिबके, की एक पेला भरेपर्यंत माणसाला आपली सगळी पापं आठवत. त्याची आई ट्रान्सितोबाई त्या कुंडीला 'रडकी' म्हणायची आणि शेजारी जाऊन ओढ्याचं पाणी प्यायची. ती नव्वदी ओलांडून गेली, हे कासिमिरो व्याख्यानात सांगत नसे.

होंडुरासच्या त्या डोंगरात माणूस गेलं की नऊ संध्याकाळी जपमाळ होते आणि तसबिरीपुढे पाण्याचा पेला ठेवतात. आत्मा त्यातलं रोज घोटभर पितो, पाणी उतरत जातं, आणि नवव्या संध्याकाळी तो तृप्त होऊन निघतो. पाणी उतरलं नाही, तर तहानलेला तिथंच अडकतो.

कासिमिरोनं पेला फिल्टरच्या पाण्यानं भरला आणि वर बशी झाकली. शुद्ध पाणी उघडं ठेवायचं नाही, हा नियम तोच तर गावाला शिकवी.

दुसऱ्या संध्याकाळी जपमाळ सांगणाऱ्या रुपेर्ताकाकूंनी बशी उचलली. "थेंबभरही उतरलं नाही रे!"

"दमली असेल काकू."

तिसऱ्या संध्याकाळीही पेला काठोकाठ.

"जिवंतपणी प्यायली नाही, आणि आता मेल्यावर पाजतोस होय?"

"काकू, वरच्या अंगाला ओढ्यात डुकरं लोळतात!"

"मग? मेलेल्या बाईला जुलाब होणार आहेत?"

आरोग्यवाल्या बाईंनी हा भाग शिकवलाच नव्हता.

"अहो, ती बशी काढा," बायको निकोलासा कानाशी पुटपुटली. "झाकलेलं पाणी आटणार कसं?"

"भिंतीतून आरपार येणाऱ्या बाईला बशी अडवते का? काहीतरीच!"

पण तसबिरीतली आई ओठ घट्ट मिटून त्याच्याकडे बघत होती. आई तहानलेली आहे, आणि आपल्यामुळे!

शेवटी रुपेर्ताकाकूंनी त्या पेल्याशेजारी ओढ्याच्या पाण्याचा दुसरा पेला मांडला. बशी नाही, त्यात पडायचं ते आधीच पडलेलं होतं. दुसऱ्या दिवशी पाणी बोटभर खाली!

"बोलली! ट्रान्सितो बोलली!"

गावानं निकाल ऐकला. घरोघरच्या कुंड्यांत फुलझाडं लागली. एका घरी तर कोंबडी अंड्यावर बसली.

आठव्या संध्याकाळी कासिमिरोनं शेवटचा प्रयत्न केला. "काकू, त्या पेल्यात माशी आहे."

"तीही प्रार्थनेला आली असेल." काकूंनी माशी बोटानं बाजूला केली आणि उरलेलं पाणी सर्वांसमोर घटाघटा पिऊन टाकलं. "बघ! झालं काही?"

झालं.

नवव्या संध्याकाळी पाहुण्यांसाठी मक्याच्या पिठाचे तामाले शिजले, सगळं गाव जमलं, आणि रुपेर्ताकाकू परसातल्या संडासात होत्या. निरोपाची प्रार्थना गावात त्यांना एकट्यांनाच येत होती. ती झाल्याशिवाय आत्मा हलणार नाही. मग खुर्च्या परसात नेल्या. सगळं गाव टोप्या काढून पत्र्याच्या दाराकडे तोंड करून बसलं. आतून काकू एकेक ओळ सांगत, बाहेरून गाव उत्तर देई. मधेच आतला आवाज थांबे. तेव्हा लोक माना आणखी खाली घालत.

शेवटच्या ओळीला आवाजच फुटेना. "पाणी!"

"कुठलं, काकू?" कासिमिरोनं विचारलं. इतक्या नम्रपणे त्यानं जन्मात कुणाला काही विचारलं नव्हतं.

"गाळलेलं, मेल्या!"

तो धावत घरात गेला. फिल्टर रिकामा! सगळं पाणी तामाल्यांत गेलेलं. कुंडीतून एक थेंब पडला. बाहेर आईचा आत्मा एका ओळीपायी खोळंबलेला. दुसरा थेंब पडेना.

घरात स्वच्छ पाणी एकाच ठिकाणी होतं: तसबिरीपुढे, बशीखाली.

"आई, माफ कर," तो म्हणाला. छातीवर क्रूसाची खूण केली, पेला उचलला आणि परसात जाऊन संडासाच्या दाराच्या फटीतून आत दिला. रिकामा पेला परत आला, तो त्यानं गुपचूप जागेवर ठेवून बशी झाकली. बाहेर शेवटची ओळ पुरी झाली.

लोक आत आले. एका म्हातारीनं बशी उचलली.

"रिकामा! एका दमात प्यायली गं बाई!"

बायकांनी हंबरडा फोडला. मेणबत्त्या विझवल्या. "गेली. तृप्त होऊन गेली."

कासिमिरोनं खुलासा करायला तोंड उघडलं, तोच निकोलासानं त्याच्या पायावर पाय दिला. मग तो उघड्या तोंडानं रडू लागला, आणि बऱ्याच वेळानं ते रडणं खरं झालं.

दुसऱ्या दिवशी गावभर कुंड्यांतली फुलझाडं निघाली. कोंबडीलाही उठवलं. संध्याकाळपर्यंत प्रत्येक घरात गेलेल्यांच्या तसबिरीपुढे गाळलेल्या पाण्याचा पेला बशीखाली ठेवलेला होता. कासिमिरोची छाती भरून आली. तेवढ्यात रुपेर्ताकाकू ओढ्यावरून घागर भरून येताना दिसल्या.

"काकू! अहो, निदान तुम्ही तरी!"

"वेडा की काय तू?" काकू म्हणाल्या. "इतकं चांगलं पाणी कुणी रोज प्यायला काढतं का?"