बाळारामकाकांची अळंबीची सुरी

आमच्या कोपरच्या सोसायटीत वाढदिवसाच्या केकसमोर हात पसरून आडवा उभा राहिलेला माणूस मी पाहिला आहे. ते बाळारामकाका, आमचे शेजारी. केकसोबत आलेली प्लास्टिकची सुरी मोडली, म्हणून मी त्यांच्या खिडकीतली सुरी उचलून आणली होती.

"हात नको लावूस! अळंबीची हाय ती! क्रीम लागलं तर विटाळंल! आपलं तसं नसतं!"

केक शेवटी फूटपट्टीने कापला.

ही सुरी म्हणजे बोटभर वाकडं पातं, बांबूची मूठ आणि मुठीच्या टोकाला माती झटकायला काथ्याचा झुपका. मोडक्या विळ्यापासून त्यांच्या सासऱ्यांनी स्वतः ठोकून केलेली. लग्नात जावयाला लोक घड्याळ देतात, अंगठी देतात. काकांना सुरी मिळाली, आणि तिच्यासोबत सासुरवाडीच्या बांधावरच्या एका वारुळाचा पत्ता. श्रावणात त्या वारुळावर अळंबी उगवते. ती उपटायची नाही, देठाशी अलगद कापायची, म्हणजे पुढच्या वर्षी तिथेच येते. आणि जागा बाहेरच्याला सांगायची नाही. हा कायदा काका इतका पाळत, की निघताना मुद्दाम उलट्या दिशेची रिक्षा पकडत. कुठे निघालात विचारलं तर म्हणत, "दाढी करायला." दाढीला रेनकोट, पिशवी आणि सुरी! पण संध्याकाळी आमच्याकडे वाटीभर कालवण यायचं आणि त्या चवीपुढे मी त्यांना सगळं माफ करायचो.

गेल्या श्रावणात त्यांचा पाय मुरगळला. नाइलाजाने मला स्कूटरसकट सामील करून घेण्यात आलं. आधी शपथ झाली. मग विठ्ठलवाडी स्टेशनला आम्ही दोन प्रदक्षिणा घातल्या, कुणी मागावर असलं तर चुकावं म्हणून.

"काका, अळंबी आणतोय की बँक लुटतोय?"

"आपलं तसं नसतं. चल तू गपचूप."

स्कूटर थांबली ती कल्याणच्या भाजीबाजारात. डोंगराकडून आलेल्या बायका पानांवर अळंबीचे वाटे मांडून बसल्या होत्या. काकांनी वाटे घेतले, बाजूच्या ओट्यावर टेकले, सुरी काढली आणि एकेका अळंबीचं मातीचं मूळ कापून, काथ्याने झटकून पिशवीत रचायला लागले. मी चाटच पडलो. एवढ्या वर्षांची गुप्त मोहीम म्हणजे बाजारहाट!

"काय ही लबाडी, काका?"

"वारुळावर टॉवर झाला रे. पार्किंग हाय तिथं," काका मान खाली घालून म्हणाले. "शेत विकलेलं काकूला माहीत हाय. रडायची थांबंना, तवा मीच सांगितलं, तिच्या बाबाचा बांध तेवढा भावांनी ठेवलाय म्हणून. ती देठ बघते. उपटलेला दिसला तर लगेच कळंल."

परतताना स्टेशनला दोन प्रदक्षिणा मी न सांगताच घातल्या.

घरी काकूंनी पिशवी उघडली, एक देठ बोटाने चाचपला आणि त्यांचा चेहरा उजळला. गुडघ्यांमुळे त्यांनी जिना उतरणं कधीच सोडलंय. मला म्हणाल्या, "तू बघितलास ना आमचा बांध? वारूळ हाय ना तसंच?"

काका उठून मोरीकडे गेले आणि अळंबी धुवायला लागले. माझ्या तोंडात तीळ भिजत नाही, हे अख्ख्या सोसायटीला ठाऊक आहे.

"आहे की, काकू," मी म्हटलं. "चांगलं कमरेएवढं झालंय."

काकू कितीतरी वेळ नुसत्या हसत होत्या. मग आत बघून म्हणाल्या, "अवो, ते गुडघ्याचं आपरेशन करूनच टाकू औंदा. पुढच्या श्रावणात मी पन येते. बाबाच्या बांधावर मना घटकाभर बसायचंय."

त्या ऑपरेशनसाठी काका किती वर्षं त्यांच्या विनवण्या करत होते.

"नेतो की," आतून काका म्हणाले. नळ तसाच चालू होता.