पोटॅशियमच्या दारावर रघु

"पोटॅशियम चॅनल? अहो, दहा मिनिटांत समजावतो! मागच्या बाकावर झोपलेल्यालासुद्धा!" नरेंद्र सर आठवडाभर स्टाफरूममध्ये हेच सांगत होते. साल २००४. अंबरनाथ पश्चिमेच्या कॉलेजात सर पाच वर्षं तासिकेवर राबत होते, आणि आज संस्थेचे अध्यक्ष जयदेवराव त्यांचा तास बघणार होते. तास आवडला की नोकरी कायम!

बेत फक्कड होता. वर्ग म्हणजे पेशी. आतली पिवळ्या बिल्ल्याची पोरं पोटॅशियम. बाहेर व्हरांड्यात निळ्या बिल्ल्याचं सोडियम. सर स्वतः ऋण भाराचं लठ्ठ प्रोटीन, लाल बिल्ला लावून पेशीतच. आणि दार म्हणजे चॅनल! दारात हंगामी शिपाई रघु. पालेगावचा गडी, एमआयडीसीतली कंपनी बंद पडेपर्यंत तिच्या गेटवर बावीस वर्षं. पासाशिवाय त्याने मालकाच्या मेव्हण्यालाही सोडला नव्हता.

"रघु, फक्त पिवळे! सोडियम लहान दिसलं तरी नाही म्हणजे नाही!"

"सर, गेट माझ्यावर सोडा."

तास सुरू झाला. थोडं पोटॅशियम बाहेर गेलं की आतला ऋण भार बाकीच्यांना ओढून धरतो, असं सर फळ्यावर लिहीत होते. वळून बघतात तर सगळं पोटॅशियम कँटीनमध्ये!

तेवढ्यात अध्यक्ष आले. पाहुण्यांना बिल्ला लावायचा ही कॉलेजची रीत. स्वागताला उभ्या विद्यार्थिनी यशोधराकडे एकच उरला होता, निळा. तोच तिने लावला.

"सोडियम! बाहेर!" रघुने हात आडवा घातला.

"अरे, मी अध्यक्ष आहे!"

"असाल. बिल्ला निळा आहे."

सर धावले. "रघु, सोड त्यांना!"

"सर, प्रोटीनने दाराशी यायचं नाही. तुम्हीच सांगितलंत."

बुटके जयदेवराव तणतणले, "त्या धिप्पाड पोरांना सोडलंस, मी अंगाने निम्मा, मला का नाही?"

"साहेब, सर आठवडाभर मला हेच पढवतायत. आयन पाण्याचा रेनकोट घालून फिरतो. दारात तो काढावा लागतो. पोटॅशियमला दाराच्या कडा चारी बाजूंनी धरतात, म्हणून ते खुशाल काढतं. तुम्ही बारीक! कडा तुमच्यापर्यंत पोचत नाहीत. मग तुम्ही रेनकोट काढाल कशाला? आणि रेनकोटासकट इथे मावत नाही."

जयदेवराव खो खो हसत सुटले. "चाळीस वर्षांत पहिल्यांदा कळलं बुवा! अशी माणसं कायमच करायला हवीत!"

आत प्रोटीनच्या डोळ्यांत पाणी आलं. सरांनी घरी फोन करून पेढेसुद्धा सांगितले.

सोमवारी ऑर्डर आली. प्रयोगशाळा परिचर, कायम : रघु.

सर अजून तासिकेवरच आहेत. लॅबच्या दारात रोज सकाळी रघु हात आडवा घालतो, आणि सर मुकाट्याने खिशातून पिवळा बिल्ला काढतात.